युनियन पाठीशी उभी राहत नसेल तर : कोकणातल्या कामगारासाठी पायरीपायरीने वाट

‘गणपती झाले की बसू.’

कामावरून काढलेल्या कामगाराला युनियनच्या कार्यालयात हे उत्तर मिळालं, तर त्याने त्याच दिवशी कॅलेंडर समोर घ्यावं. समजा १० जुलैला हातात बडतर्फीचं पत्र पडलं. गणपती झाले, पितृपक्ष आला, नेते म्हणाले नवरात्रानंतर बघू. पण महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे कायद्याने मनाई केलेल्या वागणुकीची, तक्रार (कामगारांच्या भाषेत यूएलपी) घटनेपासून ९० दिवसांत दाखल करायची असते. १० जुलैपासूनचे ९० दिवस ८ ऑक्टोबरला संपतात. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. ‘युनियन बघते म्हणाली होती’ या कारणावर घरदार टांगून ठेवू नये.

लोटे-परशुराम, महाड, रोहा-धाटाव, मिरजोळे, कुडाळ, कुठेही जा. युनियनबद्दल नाराज असलेला कामगार दोनपैकी एक करतो. गप्प बसतो, नाहीतर गेटवर जाऊन शिव्या घालतो. दोन्हींत त्याचे दिवस फुकट जातात. वाटा आहेत आणि बऱ्याच आहेत, फक्त प्रत्येक वाटेची मुदत वेगळी आहे.

पायरी १ : तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?

‘युनियन काही करत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी असतात. पहिलं, तुमचं एकट्याचं प्रकरण (बडतर्फी, निलंबन, बदली, पगारकपात) युनियन हातात घेत नाही. दुसरं, युनियनने सगळ्यांच्या वतीने असा करार केला की तुमचं नुकसान झालं. तिसरं, युनियनच आतून बिघडली आहे : निवडणूक नाही, हिशेब नाही, नेते मॅनेजमेंटच्या खिशात.

पहिल्या दुखण्यात युनियनशी भांडत बसू नका. तुमचा प्रतिवादी कंपनी आहे. युनियनने प्रत्येक सभासदाचं प्रकरण लढवलंच पाहिजे, असं सरळ सांगणारं कलम आपल्याकडे नाही. युनियनला मान्यता देणाऱ्या आणि अनुचित प्रथा रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात युनियनने करू नयेत अशा अनुचित प्रथांची स्वतंत्र यादी आहे, परिशिष्ट तीन. त्यात बेकायदा संप, धाकदपटशा, घेराव हे सगळं आहे. ‘सभासदाला वाऱ्यावर सोडलं’ हे नाही. म्हणून युनियनला धडा शिकवण्यात तीन महिने घालवले, तर कंपनीविरुद्धची मुदतही जाते.

पायरी २ : युनियन नोंदणीकृत आहे की मान्यताप्राप्त?

अनेक प्रकरणं इथेच अडकतात, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

नोंदणी म्हणजे श्रमिक संघ निबंधकाकडचा दाखला. मान्यता ही निराळी गोष्ट. १९७१ चा तोच कायदा (इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमआरटीयू-पीयूएलपी’) ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, मागचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवू देतो. वर्षानुवर्षं करारावर सह्या करणाऱ्या, गेटवर मोठा फलक लावलेल्या युनियनकडेही हे मान्यतेचं प्रमाणपत्र नसू शकतं.

याने फरक काय पडतो? टेम्पररी कामगाराचं उदाहरण घ्या. सहा-सात महिने काम, मग ‘ब्रेक’, मग पुन्हा नवं नेमणूकपत्र, अशी वर्षं काढायची आणि कायम होऊ द्यायचं नाही. ही याच कायद्याच्या परिशिष्ट चारमधली सहावी अनुचित प्रथा आहे. पण आस्थापनेत मान्यताप्राप्त युनियन असेल, तर या बाबीवरची तक्रार एकट्या कामगाराला नेता येत नाही, ती त्या युनियनमार्फतच न्यावी लागते. मान्यताप्राप्त युनियन नसेल, तर कामगार स्वतः किंवा कोणत्याही युनियनमार्फत जाऊ शकतो. ज्या युनियनने दार लावून घेतलं तिच्याच दारातून जावं लागतं का, हे त्या एका प्रमाणपत्रावर ठरतं. म्हणून ते पाहायला मागा. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात कामगार कार्यालयाकडे अर्ज करा. युनियन माहिती अधिकाराखाली येत नसली तरी सरकारी कार्यालयातले कागद येतात. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर.

बडतर्फी, कामगारकपात, सेवासमाप्ती, निलंबन या बाबतीत मात्र मान्यताप्राप्त युनियन असली तरी कामगाराचा स्वतः दाद मागण्याचा हक्क शाबूत राहतो. ‘युनियनशिवाय तुला कोर्टात जाताच येत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हा कायदा राज्याच्या अखत्यारीतल्या उद्योगांना लागू आहे. कोकण रेल्वे, न्हावा-शेव्याचं बंदर, केंद्राची किमान ५१ टक्के मालकी असलेल्या कंपन्या हा केंद्राचा प्रांत. तिथे दार केंद्रीय कामगार आयुक्तांचं.

पायरी ३ : युनियनला एक पत्र, पोच घेऊन

कोकणात अडचण कायद्याची कमी आणि नात्यांची जास्त असते. युनियनचा कमिटी मेंबर भावकीतला, नाहीतर शेजारच्या वाडीतला. शिमग्याला एकाच पालखीला खांदा द्यायचा. त्याला पत्र देणं म्हणजे गावात वाईटपणा, असं वाटतं. म्हणूनच पत्र आरोपाचं नको, विचारणेचं हवं. असं :

‘प्रति, अध्यक्ष / सरचिटणीस. महोदय, मी आपल्या युनियनचा वर्गणीदार सभासद असून (पावती क्र. …) दि. … रोजी मला कामावरून कमी करण्यात आले आहे. याबाबत दि. … रोजी मी आपणास तोंडी कळवले होते. माझ्या वतीने युनियन तक्रार दाखल करणार आहे किंवा नाही, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवावे. उत्तर न आल्यास युनियन हे प्रकरण चालवत नाही असे समजून मी स्वतः पुढील कार्यवाही करीन. आपला सभासद, …’

दोन प्रती काढा. एकीवर सही, तारीख, शिक्का घ्या. घेत नसतील तर पोच मागवून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सातव्या दिवसानंतर वाट पाहायची नाही. आठव्या दिवशी उत्तर आलं तर चांगलंच, पण तोवर तुमचा अर्ज तयार असला पाहिजे.

याच आठवड्यात बाकीचे कागद गोळा करा : नेमणूकपत्रं (ब्रेकच्या आधीची आणि नंतरची सगळी), पगारपत्रकं, पीएफचं पासबुक, हजेरी कार्ड, गेटपास, वर्गणीच्या पावत्या, आरोपपत्र, चौकशीची कामकाजपत्रं. सुपरवायझरचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुसू नका. कागद कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवणारे भेटतात. बडतर्फीनंतर गेटच्या आत पाऊल टाकता येत नाही, हे तेव्हा लक्षात येतं. आजच घरी आणा.

पायरी ४ : चौकशी चालू असेल तर

आरोपपत्र मिळालं आणि युनियन बचाव प्रतिनिधी देत नसेल, तर सहकारी कामगाराला प्रतिनिधी म्हणून घेण्याची लेखी मागणी चौकशी अधिकाऱ्याकडे करा. दुसऱ्या एखाद्या युनियनचे सभासद असाल, तर मान्यता नसलेल्या त्या युनियनलाही १९७१ च्या कायद्याने दोन गोष्टी करता येतात : सभासदाच्या बडतर्फी-निलंबनाबद्दल मालकाशी चर्चा आणि खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने हजेरी. मॅनेजमेंट ‘आम्ही फक्त मान्यताप्राप्त युनियनशीच बोलतो’ म्हणेल. या दोन गोष्टींपुरतं ते उत्तर चालत नाही.

निलंबनात पहिले ९० दिवस निम्मं वेतन आणि पुढे, विलंब तुमच्यामुळे नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळायला हवा. चौकशीला गैरहजर राहू नका. ‘नेता आला नाही म्हणून मी गेलो नाही’ असं केलं की चौकशी एकतर्फी पूर्ण होते. एकटे असाल तरी जा, आणि मला प्रतिनिधी मिळालेला नाही हे कामकाजपत्रावर लिहूनच सही करा.

पायरी ५ : बडतर्फीनंतरच्या दोन वाटा

पहिली, यूएलपीची. बडतर्फीसाठी परिशिष्ट चारची पहिली बाब, कामगार न्यायालयात, ९० दिवसांत. इतर अनुचित प्रथा औद्योगिक न्यायालयात. इथे अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागता येतो, हा मोठा फायदा.

दुसरी, औद्योगिक विवादाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले. औद्योगिक विवाद कायदा व श्रमिक संघ कायदा यांची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. एकट्या कामगाराची बडतर्फी हा युनियनच्या पाठिंब्याशिवायही औद्योगिक विवाद मानला जातो, ही १९६५ पासूनची तरतूद संहितेतही आहे. आधी समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज करायचा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. जुन्या कायद्यात त्यासाठी बडतर्फीपासून तीन वर्षं होती, संहितेत दोन आहेत. दोनच धरून चाला.

या दोन वाटांपैकी एकीने गेलात की त्याच कारणासाठी दुसरी बंद होते. म्हणून घाईत कुणाच्याही सांगण्यावरून अर्ज ठोकू नका, आणि निवडताना ९० दिवसही उलटू देऊ नका. १९७१ चा कायदा राज्याचा असल्याने त्या २९ कायद्यांत नाही. अर्ज कोणत्या कायद्याखाली, कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या न्यायालयात करायचा, हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या.

बडतर्फीपेक्षा लहान तक्रारींसाठी, २० किंवा अधिक कामगार असतील तिथे संहितेप्रमाणे तक्रार निवारण समिती हवी. वर्षाच्या आत अर्ज करायचा, समितीने तीस दिवसांत निकाल द्यायचा. तो पटला नाही तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे, पण तुम्ही ज्या युनियनचे सभासद आहात तिच्यामार्फत. युनियन थंड असेल तर दुसऱ्या युनियनचं सभासदत्व इथे उपयोगी पडतं.

ज्याला युनियन लागतच नाही

थकलेला पगार, किमान वेतन, दुप्पट दराने ओव्हरटाइम, बोनस, पीएफ, ग्रॅच्युइटी, अपघाताची भरपाई. यांपैकी कशालाही युनियनचं पत्र लागत नाही. वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. कामावरून काढल्यावर देणी दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवीत. काजू कारखान्यातल्या किंवा मासळी प्रक्रियेतल्या बाईला लैंगिक छळाची तक्रार करायची असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत जावं. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिथे नेत्याची शिफारस कोणी मागत नाही.

पायरी ६ : करारच वाईट झाला असेल तर

आधी कराराची प्रत मिळवा. पगारवाढ किती यापलीकडे करारात उत्पादनाचे आकडे, नवी कामवाटणी, रजा, थकबाकी सोडून देणं असं बरंच असतं आणि ते गेट मीटिंगमध्ये वाचून दाखवलं जात नाही. मग शेवटच्या पानावर पाहा, सह्या कुणासमोर झाल्या आहेत. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना बांधतो, त्या युनियनचे सभासद नसणाऱ्यांनाही आणि पुढे लागणाऱ्यांनाही. आपापसात झालेला करार मुळात सही करणाऱ्या पक्षांपुरता असतो.

एका कलमावरून करार मोडेल अशी आशा धरू नका. हर्बर्टसन्स कंपनीच्या करारावरच्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय करार अख्खा तोलून पाहतं, सुटं कलम उचलून नाही. फसवणूक, खोट्या सह्या, मालकाशी संगनमत याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर खरी संधी मुदत संपताना असते. मुदतीनंतरही लेखी नोटीस देऊन तिचे ६० दिवस संपेपर्यंत करार चालूच राहतो. पुढच्या मागणीपत्रात काय हवं याची सह्यांसह यादी मुदत संपण्याआधी सहा महिने युनियनकडे गेली, तर नेत्यांना ती बाजूला सारणं जड जातं.

पायरी ७ : युनियन आतून दुरुस्त करणं

युनियन मोडण्याआधी ती ताब्यात घेता येते का ते पाहा. माझ्या मते बहुतेक ठिकाणी हीच वाट बरी, कारण दोन युनियनच्या भांडणात मॅनेजमेंटची चांदी होते.

युनियनची घटना, म्हणजे नियमावली, मागा. पदाधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त असता येत नाही. हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. दरवर्षी हिशेब तपासून वार्षिक विवरणपत्र निबंधकाकडे जावं लागतं आणि तुम्ही त्याची प्रत माहिती अधिकारात मागू शकता. मान्यताप्राप्त युनियनच्या कार्यकारिणीची बैठक निदान तीन महिन्यांतून एकदा झाली पाहिजे आणि ठराव इतिवृत्तात नोंदले गेले पाहिजेत. हे झालेलं नाही असं कागदावर दिसलं, की घटनेतल्या तरतुदीप्रमाणे सह्या करून विशेष सभा मागा. निवडणूक, कारभार किंवा सभासदत्व नाकारण्यावरून वाद झाला तर संहितेप्रमाणे सभासद स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात.

यात एक चूक नेहमी होते. राग म्हणून लोक वर्गणी थांबवतात. सहा महिन्यांत तीन महिन्यांपेक्षा जास्त थकबाकी झाली की १९७१ च्या कायद्याच्या हिशेबाने तुम्ही सभासदच उरत नाही, मग हिशेब कुणाच्या नावाने मागणार? आतून लढायचं असेल तोवर वर्गणी भरा आणि पावती घ्या. बाहेर पडायचंच ठरलं, तर युनियनला राजीनामा आणि पगारातून वर्गणी कापू नये असं कंपनीला पत्र, ही दोन्ही एकाच दिवशी द्या.

पायरी ८ : युनियन बदलणं

सात जणांनी अर्ज करून युनियनची नोंदणी करता येते, पण त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार (जे कमी असेल ते) सभासद हवेत आणि ती संख्या सातपेक्षा कमी नको. नोंदणीनंतर खरं काम सुरू होतं : दरमहा वर्गणी, दरमहा पावती, वही नीट. मान्यतेची पडताळणी कागदावर होते, गेटवरच्या गर्दीवर नाही.

जुन्या युनियनच्या जागी मान्यता मागण्यासाठी १९७१ च्या कायद्यात तिच्या मान्यतेला दोन वर्षं झालेली असावी लागतात, आणि तुमच्याकडे ३० टक्के व तिच्यापेक्षा जास्त सभासद हवेत. दुसरी तरतूद क्वचितच वापरली जाते. युनियन कामगारांच्या हिताऐवजी मालकाच्या हितासाठी चालवली जात असेल, तर तिची मान्यता रद्द करण्याचा अर्ज औद्योगिक न्यायालयात करता येतो. सभासदसंख्या सलग सहा महिने किमान मर्यादेखाली गेली, किंवा बैठका व इतिवृत्ताच्या अटी पाळल्या नाहीत, हीसुद्धा रद्द होण्याची कारणं आहेत. म्हणजे सातव्या पायरीवर जमवलेले कागद इथे पुरावा होतात. संहितेतली पद्धत निराळी : हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे, ती एकटी वाटाघाट करणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर प्रत्येक २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी अशी वाटाघाट परिषद.

याला पर्याय म्हणून थेट संपावर जाण्याचा मोह होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किती घरांनी त्याची किंमत मोजली आहे! १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिली आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरलेला नसतानाही बोलणी करण्याचा कायदेशीर हक्क तिच्याकडेच होता. २०२१-२२ च्या एसटी संपातही कर्मचारी युनियनना बाजूला सारून महिनोन्‌महिने लढले, हजारोंवर निलंबन-बडतर्फीची कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली. त्या लोकांच्या मागण्या खोट्या नव्हत्या. आता तर संहितेप्रमाणे कोणत्याही उद्योगात १४ दिवसांच्या नोटिशीशिवाय संप बेकायदा ठरतो, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली रजाही संपच मानली जाते.

कंत्राटी कामगारांसाठी

कायम कामगारांची युनियन कंत्राटी कामगारांना बहुतेक वेळा सभासदच करून घेत नाही. मग ठेकेदाराच्या माणसांनी स्वतःची युनियन काढावी किंवा बाहेरच्या युनियनमध्ये जावं, दोन्हीला बंदी नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून पगाराच्या तक्रारीत दोघांचीही नावं घाला. ‘आम्ही कंपनीचेच कामगार आहोत’ असा दावा असेल, तर यूएलपीने सुरुवात करू नका. २००१ च्या सिप्ला निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर आधी ते औद्योगिक विवादात ठरवून घ्यावं लागतं. चुकीच्या दारात काही वर्षं उभं राहून परत फिरलेले कंत्राटी कामगार कमी नाहीत.

वकिलाची फी

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगार आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही नाही. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी-ओरोस इथल्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या न्यायालयात समिती असते, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. जाताना आधार कार्ड, बडतर्फीचं किंवा निलंबनाचं पत्र, शेवटचं पगारपत्रक आणि युनियनला दिलेल्या पत्राची पोच सोबत ठेवा. अर्जाच्या पहिल्याच ओळीत घटनेची तारीख आणि ९० दिवस कधी पुरे होतात ती तारीख लिहा, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला ती आधी दिसेल.